दुसरं वाचन

आमचे घरमालक गुरुजी रोज सकाळी, चहाच्या आधी, घरातल्या यंत्रांची हजेरी घ्यायचे.

"फ्रिज?"

फ्रिज घर्र करायचा.

"हजर. पंखा?"

बटण दाबलं की पंखा दोन गिरक्या घ्यायचा.

"हजर. मिक्सर?"

मिक्सरची हजेरी मला द्यावी लागे. तो स्वयंपाकघरात आणि मी त्याच्यापाशी. रिकामाच एकदा फिरवून दाखवायचा. मग बाहेरच्या खोलीतून गुरुजी म्हणायचे, "हजर. पण आवाज बसला आहे त्याचा. काल कैरी जास्त झाली."

संग्रामपूरला त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहायला आलो, तेव्हा पहिल्याच सकाळी हे ऐकून मी घाबरले. माझे यजमान मालाचा टेम्पो चालवतात, कितीतरी दिवस बाहेर असतात. मला वाटलं, या म्हाताऱ्याच्या डोक्यात काही बिघाड असला तर मी एकटी काय करू? हळूहळू कळलं की बिघाड काही नव्हता. साऱ्या नोकरीत ज्या माणसानं रोज हजेरी घेतली, त्याच्या घरी आता 'हजर' म्हणायला कोणी उरलं नव्हतं. पत्नी गेलेल्या, मुलगी नागपूरला. राहिले फ्रिज आणि पंखा. त्यांच्या भाकरी मी करू लागले आणि त्या शाळेत माझंही नाव लागलं.

एखादी वस्तू 'बंद पडली' असं म्हटलेलं त्यांना चालत नसे. "गैरहजर आहे म्हणा. येईल." एकदा मिक्सरनं झाकण उडवलं आणि साऱ्या भिंतीवर चटणी केली. गुरुजींनी त्याला उचललं आणि तोंड भिंतीकडे करून कोपऱ्यात ठेवलं. संध्याकाळपर्यंत शिक्षा.

"मग चटणी?" मी दाराआडून विचारलं.

"पाट्यावर वाटा. वर्गात एकानं खोडी केली म्हणून शाळा बंद ठेवतात का?"

मी फार बोलत नाही. शेजारच्या म्हशीवाल्या काकू तर वर्षभर समजत होत्या की गुरुजींची भाडेकरीण मुकी आहे. गुरुजी मला 'बाई' म्हणायचे. "या शाळेत गुरुजी एक, मग बाई पण एक पाहिजे न," म्हणायचे. कोणी मला बाई म्हणावं असं माझं शिक्षण नाही. आमच्या गावात शाळाच चौथीपर्यंत होती. पाचवीसाठी नाला ओलांडून दुसऱ्या गावी जावं लागे आणि मुलींना कोणी तिकडे पाठवत नसे. चौथी शिकलेल्या बाईला वाचता येतं असं लोक धरून चालतात. येतं, पण मनातल्या मनात. मोठ्यानं वाचायचं म्हटलं की माझा घसाच बंद होतो.

अंगणातल्या कडुनिंबाला त्यांनी रुळाचा एक तुकडा टांगला होता. त्यांच्या शाळेत विजेची घंटा आली तेव्हा हा तुकडा भंगारात चालला होता. गुरुजींनी तो सायकलवर बांधून घरी आणला. संध्याकाळी पाच वाजता लोखंडी बोल्टानं ते तो वाजवायचे, लांबलचक, शाळा सुटल्यासारखा. मग आत येऊन मेन स्विच खाली करायचे. थोडा वेळ सगळ्यांना सुट्टी, फ्रिजलाही. "दिवसभर राबतात बिचारे," म्हणायचे. त्या घंटेवर आमच्या गल्लीचं घड्याळ चालायचं. बाया वाळत घातलेले पापड उचलायच्या, काकू म्हशीखाली बसायच्या.

या साऱ्या वर्गात गुरुजींचा लाडका होता लॅपटॉप. मुलीनं वापरून जुना झालेला त्यांना दिला होता. बॅटरी मेलेली, वायर काढली की लगेच मान टाकायचा. "अशक्त आहे, पण हुशार आहे," असं गुरुजी त्याच्याबद्दल सांगायचे. त्याला पाटावर बसवायचे आणि दाढीच्या जुन्या ब्रशनं त्याची बटणं झाडायचे.

त्या लॅपटॉपमध्ये आवाज होते. ते कसे आले ते सांगायला हवं.

गुरुजी मूळचे वडनेर भोलजीचे, नोकरी मात्र सगळी संग्रामपूरकडे झाली. रिटायर झाल्यावर एकदा ते वडनेरहून परत येत होते. नांदुऱ्याच्या स्टँडावर एक बाप्या माणूस जवळ आला, पाया पडला. जुना विद्यार्थी. म्हणाला, "गुरुजी, हे गाडी कुठं जाते?"

"बोर्ड समोर होता, बाई," गुरुजी सांगायचे. दर वेळी इथे आले की आवाज खाली यायचा. "हाताएवढी अक्षरं. चार वर्षं माझ्या वर्गात होता तो. तेव्हा कोणाले मागं ठेवत नसत, सगळ्यायले पुढं ढकलायचं. मी पण ढकललं."

गुरुजींनी त्याला आपल्या शेजारी खिडकीत बसवलं आणि वाटेतला एकेक बोर्ड वाचून घेतला. जळगाव जामोद येईपर्यंत त्याला 'ज' आणि 'ग' पुन्हा आठवले होते. संग्रामपूरला गाडी थांबली, पण गुरुजी दारात आडवे उभे. मागचे लोक ओरडायला लागले. त्या माणसानं घाम पुसत स्टँडावरचा बोर्ड वाचला, सं-ग्रा-म-पूर. तेव्हा गुरुजी बाजूला झाले आणि म्हणाले, "उतरा."

त्यानंतर त्यांनी आपले जुने विद्यार्थी शोधायला सुरुवात केली. बाजारात, लग्नात, रेशनच्या रांगेत. ज्याला वाचता येत नाही असा संशय आला त्याला घरी बोलवायचे. ओसरीवर बसवून चौथीच्या पुस्तकातलं एक पान वाचायला लावायचे आणि लॅपटॉपमध्ये त्याचा आवाज भरून घ्यायचे. हे पहिलं वाचन. मग काही महिने शिकवायचे आणि दुसरं वाचन घ्यायचे. मग दोन्ही आवाज त्याला एकापाठोपाठ ऐकवायचे. मार्क देत नसत. गाडी कुठवर आली ते सांगायचे. अगदीच अडखळला तर "वडनेर". बरा असला तर "नांदुरा". त्याहून बरा, "जळगाव". आणि ज्याचं वाचन थेट कानात पोचलं, त्याला "संग्रामपूर. उतरा."

चांगल्या मिशा असलेले, पोरं लग्नाला आलेले बाप्ये त्या लॅपटॉपसमोर घामेघूम व्हायचे. एकजण म्हणाला, "गुरुजी, वावरात डुक्कर आलं तं मी भेत नाही, पण या जोडाक्षराले लय भेतो."

"ते तुह्या वावरात येत नाही म्हणून भेतो," गुरुजी म्हणाले. "रोज येऊ दे. मग तेच तुले भेईल."

माझंही पहिलं वाचन झालं. मी नको नको म्हणत होते, म्हणजे मान हलवत होते. गुरुजींनी पाटासकट लॅपटॉप स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आणून ठेवला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसले, शिक्षा झालेल्या मिक्सरसारखे. "मी पाहत नाही. वाचा." विहिरीवरचा धडा होता. 'स्वच्छ'पाशी मी अडकले. सव, सवच, सवच... त्यांनी मदत केली नाही. धडा संपल्यावर भिंतीला सांगितलं, "नांदुरा. गाडी स्टँडात उभी आहे. ड्रायव्हर चहा प्यायला गेला."

मग तुरीच्या शेंगा सोलता सोलता त्यांनी मला राहिलेलं शिकवलं, जोडाक्षरं आणि इंग्रजीची एबीसीडीसुद्धा. पण दुसऱ्या वाचनाचं नाव निघालं की मला स्वयंपाकघरात काम निघायचं.

"बाई, ड्रायव्हरचा चहा नाही झाला का अजून?"

"दूध उतू जाऊन राह्यलं, गुरुजी."

"वर्षभर?"

अशात त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा आला. मुलगी दोन दिवस राहून गेली आणि जाताना मला बजावून गेली, वाकायचं नाही, डोळ्याला पाणी नाही, लॅपटॉपकडे तर पाहायचंच नाही. गुरुजी म्हणाले, पाहत नाही, ऐकतो. मग दुपारी मी त्यांना आवाज लावून द्यायचे. काळा चष्मा घालून, मान मागे टाकून ते आपल्या विद्यार्थ्यांची अडखळणं ऐकत पडायचे. लोक गाणी ऐकतात तसे.

एके दिवशी दुपारी झाडू मारताना मी पाहिलं की लॅपटॉप सगळा निळा झाला होता आणि पांढरे ठिपके गोल गोल फिरत होते. ते त्याचं काहीतरी चाललं असेल म्हणून मी पुढे झाडत गेले. पाच वाजले. गुरुजी भिंतीला हात लावत अंगणात गेले, घंटा वाजवली, आत आले आणि रोजच्यासारखा मेन स्विच खाली केला.

दुसऱ्या दिवशी हजेरीत लॅपटॉप बोलला नाही. काळा तो काळाच.

"गैरहजर," गुरुजी म्हणाले, पण चहा अर्धा ठेवून त्यांनी फोन मागितला. स्टँडाजवळ लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. तो दुकानदारही त्यांचाच विद्यार्थी. फोनचा आवाज मोठा करून ठेवला होता.

"काल काय दिसत होतं त्याच्यावर?" त्यानं विचारलं.

"निळं," मी दारातून हळूच सांगितलं. "ठिपके फिरत होते." गुरुजींनी ते मोठ्यानं सांगितलं.

"मंग अपडेट चालू होतं, गुरुजी. मधातच लाइट गेली असन."

गुरुजींनी मेन स्विचकडे मान वळवली. मग म्हणाले, "लाइट गेली नाही. मी घालवली. पाच वाजले होते."

"घेऊन या. फॉरमॅट मारून देतो. संध्याकाळी नवाच्या नवा."

"अन आतले आवाज?"

"ते जातीन न. पाटी कोरी होते. पयले काढून घ्याले पाहीन, पण डिस्क जुनी आहे, शब्द नाही देत. एवढं काय गुरुजी, आवाज तं पुन्हा भरता येतात."

"दुसरं वाचन पुन्हा होते रे," गुरुजी म्हणाले. "पहिलं कसं होईल? आता त्यायले वाचता येते."

फोन ठेवला. मी जेवायला वाढलं. त्यांनी ताटावरून हात फिरवला आणि ताट बाजूला सारलं.

"पोरगं पेपर लिहून राह्यलं होतं, बाई. अन मी घंटा वाजवली."

त्याच्या दुसऱ्या दिवशी हजेरी झालीच नाही. फ्रिज आपला घर्र करत राहिला, त्याला कोणी विचारलं नाही. मी उगाच एकदा मिक्सर फिरवला. बाहेरून काही आवाज आला नाही. तेव्हा मला कळलं की मी त्या 'हजर'ची रोज वाट पाहत असते.

दुपारी त्या दुकानदाराचा आपणहून फोन आला. त्यालाही चैन पडलं नसावं, त्याचाही आवाज त्यात होता. "गुरुजी, आणू नका अजून. एक करून पाहा. चालू करा अन सुरू होताहोताच बटण दाबून बंद करा, असं दोन-तीनदा. मंग एक निळा पडदा येते. त्याच्यावर लिहून येते. ते मले वाचून सांगा."

"माझे डोळे सुट्टीवर आहेत रे."

"घरात कोणी असन न वाचणारं?"

गुरुजींनी काळा चष्मा माझ्या दिशेनं वळवला. "आहे," ते म्हणाले.

"गुरुजी, ते इंग्रजी असते."

"एबीसीडी येते न?"

"अक्षरं येतात. शब्द नाही येत."

"तुम्ही अक्षरं द्या. शब्द मी करतो."

सांगितलं तसं चालू-बंद केलं आणि खरंच निळा पडदा आला. फोन खाटेवर, गुरुजी पाटाच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. मी पदर तोंडाशी धरला होता. गुरुजी म्हणाले, "पदर काढा, अक्षरं अडकतात."

"टी. आर. ओ. यू. बी. एल. ई..." मी एकेक अक्षर देत गेले. ते मांडीवर बोटानं गिरवत होते.

"ट्रबलशूट. गडबड शोधा म्हणते. दाबा."

दुसरा पडदा आला. "आर. ई. एस. ई. टी."

"वहिनी, त्याले हात लावू नका!" फोनमधून दुकानदार ओरडला. "ते पाटी पुसते! त्याच्या खालचं पाहा, लांब नाव असन."

माझं बोट बटणावरच होतं. तव्याला लागल्यासारखं मी ते मागे घेतलं. खालचं लांब नाव दाबलं तेव्हा बऱ्याच चौकटी आल्या. मी एकेक वाचू लागले. "हे नाही, पुढचं. हे नाही, पुढचं," फोन म्हणत होता. घसा कोरडा पडला होता, पण बंद झाला नव्हता. मग एक आलं.

"जी. ओ. गो. बी. ए. सी. के..."

गुरुजींचं बोट मांडीवर थांबायच्या आत मीच म्हणाले, "बॅक. गो बॅक."

"पुढं?"

"टी, ओ. मग टी, एच, ई. मग पी. आर. ई. व्ही. आय. ओ. यू. एस."

"प्रीव्हिअस," गुरुजी म्हणाले आणि ताठ बसले. "मागचा! बाई, हे त्याले मागच्या वर्गात बसवून राह्यलं!"

"हाव, तेच!" फोन म्हणाला. "दाबा!"

"थांब. आधी सांग, मागच्या वर्गात बसवलं तर आधीचं शिकलेलं जाते का?"

"नाही गुरुजी. जुनं सगळं राहते. नवा धडा तेवढा निघून जाते."

"मग बसू दे. त्यात लाज कसली," गुरुजी म्हणाले. "दाबा, बाई."

यंत्रानं पासवर्ड मागितला. गुरुजींनी माझ्या कानाशी येऊन, कोणी ऐकेल म्हणून हळूच सांगितला. 'हजर'. मी एच, ए, जे, ए, आर दाबलं. ठिपके फिरायला लागले.

"फिरते का?"

"फिरते."

"अजून?"

"अजून."

असं कितीतरी वेळ चाललं. उन्हं ओसरीवरून खाली उतरली. गुरुजींना वेळ कळायला घड्याळ लागत नसे. पाच वाजले तसे ते चुळबुळले, उठू लागले, पुन्हा बसले. मग दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून घेतले. त्या दिवशी घंटा वाजली नाही.

थोड्या वेळानं काकू फाटकात आल्या. "गुरुजी बरे हायत न? घंटा नाही झाली. माही म्हैस पान्हा सोडून नाही राह्यली, नुसती निंबाकडं पाहते!" त्यांच्या मागे पापडवाल्या दोघी-तिघी, त्यांच्या मागे रस्त्यानं जाणारे, त्यातले काही गुरुजींचे विद्यार्थी.

"शाळा सुटली नाही अजून," गुरुजी म्हणाले. "पेपर चालू आहे. गप बसा."

आणि एवढी मोठी माणसं ओसरीवर खाली बसली, गप.

ठिपके थांबले. पडदा काळा झाला. मग हळूच उजेड आला आणि रोजचं डोंगराचं चित्र दिसलं.

गुरुजींना दिसत नव्हतं. त्यांनी नुसतं विचारलं, "लॅपटॉप?"

"हजर, गुरुजी," मी म्हणाले.

त्यांनी चष्म्याखालून बोट घालून डोळा पुसला. डोळ्याला हात लावायला डॉक्टरांनी मना केलं होतं, पण मी काही बोलले नाही. "आवाज आहेत का पाहा. कोणाचाही एक लावा."

ओसरीवरची सगळी माणसं माझ्याकडे पाहत होती. तिथे कितीतरी जणांचे आवाज होते, कोणाचाही लावता आला असता. मी माझा लावला.

"विहिरीचं पाणी सव... सवच... सवच..."

"हे कोण वं?" काकूंनी विचारलं.

"मी."

"तू? बाप्पा! तुले बोलता येते?"

सगळे हसले. मीही हसले. हसताना मला पदर सापडला नाही, आणि तो शोधायचं माझ्या लक्षातही आलं नाही.

गुरुजी हसत नव्हते, कान देऊन ऐकत होते. धडा संपल्यावर म्हणाले, "हे नांदुऱ्याचं. अन आजचं?" जरा थांबले, बोर्ड वाचावा तसे. "संग्रामपूर. उतरा, बाई."

मग म्हणाले, "जा, घंटा वाजवा, ती म्हैस खोळंबली. पण मेन स्विचले हात लावू नका."

तेव्हापासून रोज पाच वाजता बोल्ट हातात घेण्याआधी ते घरात डोकावून विचारायचे, "कोणाचा पेपर राह्यला का?" फ्रिज घर्र करायचा. मग वाजवायचे.

मागच्या वर्षी मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. लॅपटॉप त्यांच्यासोबत गेला, फ्रिज आमच्याकडे ठेवला. कधी कधी सकाळी फोन येतो. "फ्रिज?" मी फोन फ्रिजपाशी नेते. "हजर," ते म्हणतात. "बाई?" मी म्हणते हजर. रुळाचा तुकडा अजून निंबाला आहे. पाच वाजता तो मी वाजवते. काकू म्हणतात, तुह्या हाताले गुरुजीसारखं लांब वाजवता येत नाही, पण म्हैस ऐकते.

माझं पहिलं वाचन नागपूरला आहे, त्यांच्या पाटावर, बाकीच्यांसोबत. ते तिथे नीट राहील. दुसरं मात्र कुठेच नाही. ज्या लॅपटॉपमध्ये ते भरायचं, त्याचाच पडदा मी तेव्हा वाचत होते.